सातवा महिना आणि तापीचे खेकडे : रस्सा प्यावा की नाही?

तापीकाठची_सून (शहादा तालुका)

नमस्कार. माझं माहेर अमळनेरकडचं. सासर शहादा तालुक्यात, सारंगखेड्याच्या पुलापासून जवळ. मला सातवा महिना लागलाय. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.६ निघालं. आशाताईंनी गोळ्या दिल्यात, त्या घेते.

गोळ्यांनी अंगात रक्त भरतं यावर आमच्या सासूबाईंचा विश्वास नाही. त्यांचा भरवसा खेकड्यांच्या रश्श्यावर. दर रविवारी सकाळी भोईण मावशी टोपलीत ओल्या गोणपाटाखाली खेकडे घेऊन येतात, कधी सोबत शिंपलेही. मग सासूबाई स्वतः बसतात. नांग्या बाजूला काढायच्या. बारीक पाय पाट्यावर ठेचून पाण्यात कालवायचे आणि फडक्याने गाळून ते पाणी रश्श्याला घ्यायचं. मग पाठ उघडायची, आतलं पिवळं-तपकिरी मऊ बोटाने खरवडून काढायचं आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या मसाल्यात परतायचं. "ताकद त्यातच असते," म्हणतात. पहिली वाटी माझी.

माझा दीर धुळ्याला बी.एस्सी. करतो. त्याने गेल्या महिन्यात मोबाईलवर एक कात्रण पाठवलं. कुठल्याशा नदीतल्या शिंपल्या-खेकड्यांत कॅडमियम आणि शिसं "मर्यादेच्या पाचपट" सापडलं, असं त्यात आहे. नदी तापी नाही. पण तेव्हापासून ती वाटी समोर आली की घास उतरत नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "माले चार पोरं व्हयनात याच रस्सावर, काय बिघडनं?" त्या वाईटासाठी करत नाहीत हे मला माहीत आहे. गुडघे दुखत असताना दोन तास पाट्यावर बसतात माझ्यासाठी. त्यामुळे नुसतं "नको" म्हणायला जीभ वळत नाही.

माझे प्रश्न :
खूप उकळलं तर हे धातू जातात का? खेकडा, शिंपले, झिंगे यांत जास्त वाईट काय? बाजारातून सुकट आणतो, तीही बंद करायची का? आणि सासऱ्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) १.९ आहे. डॉक्टर म्हणतात साखर आणि बीपीमुळे. पण ते पन्नास वर्षं शिंपले खात आलेत, त्याचा काही संबंध असेल का?

कृपया घाबरवून सोडू नका आणि खोटा धीरही देऊ नका.

---

निवृत्त_सिस्टर (तळोदा)

बाई, आधी हिमोग्लोबिनचं बोलू. ८.६ म्हणजे मध्यम रक्तक्षय. सरकारी लोहाच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा निदान १८० गोळ्या गरोदरपणात घ्यायच्या असतात. तुझं रक्त कमी आहे, तेव्हा दोन घ्यायच्या का ते डॉक्टरांना विचार. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेव. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, एक सकाळी तर दुसरी संध्याकाळी. लिंबू किंवा आवळा चालतो, त्याने लोह जास्त लागू पडतं. सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली का? आपल्या नंदुरबार जिल्ह्यात ती प्रत्येक गरोदर बाईची व्हायला हवी. कार्डावर नोंद नसेल तर परवाच जाऊन करून घे.

हे खेकड्यांच्या धाग्यात का लिहिते? कारण कॅडमियम आणि लोह पोटात एकाच दारातून आत शिरतात. अंगात लोह कमी असलं की आतडं लोहाच्या आशेने ते दार मोठं उघडतं आणि त्यातून कॅडमियमही जास्त ओढलं जातं. शिशाचं तसंच, फक्त तिथे कॅल्शियमची कमतरता दार उघडते. म्हणजे रक्त कमी असलेली गरोदर बाई हीच या धातूंना सगळ्यात उघडी. रक्त वाढावं म्हणून जो रस्सा पाजतात त्यात कॅडमियम असेलच, तर ते नेमकं तिलाच जास्त लागणार. सासूबाईंना वैर न घेता सांगायचं असेल तर हे असं सांगून बघ. "आई, आधी गोळ्यांनी रक्त भरू द्या, मग खाते."

आणखी दोन गोष्टी. घरात पितळेची पातेली असतील आणि कल्हई गावात फिरणाऱ्याकडून होत असेल तर त्याला नुसतं कथील वापरायला सांगा. स्वस्ताईसाठी कथलात शिसं मिसळणारे मी पाहिलेत. आणि बाळ झाल्यावर बाजारचा सुरमा त्याच्या डोळ्यांत घालू देऊ नकोस. काही सुरम्यांत शिसंच असतं. त्यापुढे खेकडा परवडला.

---

शिरपूरकर_७४

माझं मत वेगळं आहे. आमच्या वाडवडिलांनी नदीचंच खाल्लं आणि नव्वदी गाठली. आता कोणीतरी कात्रण पाठवतं आणि गरिबाच्या ताटातलं फुकटचं मांस काढून घेतं. शहरातले लोक प्रथिनांचे डबे विकत घेतात. इथे नदी ते मोफत देते, तर त्यात विष सांगतात. ताई, तुमच्या सासूबाईंना चार बाळंतपणांचा अनुभव आहे, त्यांचं ऐका.

---

शिंपल्यांचा_जुना_सेवक (जळगाव जिल्हा)

मी प्राध्यापक नाही. खान्देशातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होतो. प्रॅक्टिकलसाठी नदीतून शिंपले आणि खेकडे आणणं, ते जिवंत ठेवणं आणि मुलांच्या ट्रेमध्ये उघडून देणं हे माझं काम. शेवटची दहा वर्षं विभागात या धातूंवरच पीएच.डी.चं काम चाललं होतं. नमुने कापणं, वाळवणं, आम्लात विरघळवणं हे सगळं माझ्या हातून गेलं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी शिरपूरकर भाऊंना. तुमचा राग मला कळतो. गरिबाच्या ताटातलं काढायचं आणि बदल्यात काही द्यायचं नाही, हे मलाही पटत नाही. पण कॅडमियम आज खाल्लं आणि उद्या आजारी पाडलं असं करत नाही. ते मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि अर्धं बाहेर पडायला १० ते ३० वर्षं घेतं. तुमच्या आजोबांच्या काळात तापीत गावांचं सांडपाणी इतकं येत नव्हतं. फुटक्या बॅटऱ्या नव्हत्या, एकरी पोत्यांनी फॉस्फेट पडत नव्हतं. खनिज फॉस्फेटमध्ये निसर्गतःच थोडं कॅडमियम असतं, ते खताबरोबर केळीच्या बागेत आणि पावसाबरोबर नाल्यात उतरतं. नदी तीच असली तरी पाणी आजोबांचं राहिलेलं नाही.

आता शिंपला. आपल्याकडे नदीत जो लांबट, काळपट शिंपला मिळतो त्याला शास्त्रात लॅमेलिडेन्स म्हणतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एक गंमत दाखवायचो. काचेच्या दोन भांड्यांत गिरणेचं सारखंच गढूळ पाणी भरायचं, एकात तीन शिंपले सोडायचे. सकाळी आठला ठेवलं की दुपारच्या सुट्टीपर्यंत शिंपल्यांचं पाणी नितळ व्हायचं. पलीकडचा ट्यूबलाइट आरपार दिसायचा. दुसरं भांडं तसंच चहासारखं. तो गाळ गेला कुठे? शिंपल्याने कल्ल्यांवर गाळून घेतला. खाण्यासारखं पोटात घेतलं, बाकीचं शेंबडात गुंडाळून बाहेर टाकलं. हेच तो नदीत रात्रंदिवस करतो आणि जागा सोडून फारसा जात नाही. पाण्यात लिटरमागे मायक्रोग्रॅमचे अंश असलेलं कॅडमियम त्याच्या अंगात हजारो पट साठतं ते असं. म्हणूनच १९७५ साली एडवर्ड गोल्डबर्ग या सागररसायनशास्त्रज्ञाने किनाऱ्यांचं प्रदूषण शिंपल्यांवरून मोजायची कल्पना मांडली आणि अमेरिकेत 'मसल वॉच' (म्हणजे शिंपल्यांवर नजर) सुरू झालं. पाण्याचा नमुना त्या क्षणाचं सांगतो, शिंपला कित्येक महिन्यांचं.

ताई, तुमचा पहिला प्रश्न, उकळणं. धातू हे मूलद्रव्य आहे. जंतू मरतात, किडा मरतो, कॅडमियमला मरण नाही. खेकडा चांगला शिजवायलाच हवा. कच्च्या खेकड्यातून फुप्फुसाचा किडा होतो आणि ईशान्य भारतात त्याचे रुग्ण सापडतात. पण धातूंसाठी उकळण्याचा उपयोग नाही. उलट खेकडा उकळला की आतल्या मऊ भागातलं कॅडमियम थोडं पाण्यात उतरतं. न्यूयॉर्क राज्याचं आरोग्य खातं तिथल्या लोकांना दोन गोष्टी सांगतं : खेकड्यातलं ते पिवळं-हिरवं मऊ खाऊ नका आणि ज्या पाण्यात खेकडा उकळला ते फेकून द्या. तुमच्या घरी नेमक्या याच दोन गोष्टी वाटीत येतात.

ते पिवळं म्हणजे काय? सासूबाई ज्याला ताकद म्हणतात त्याला आम्ही हेपॅटोपँक्रियाज म्हणतो. खेकड्याचं यकृत आणि स्वादुपिंड एकत्र. ट्रेमध्ये पाठीची टोपी उघडली की दोन्ही बाजूंना बारीक बोटांच्या जुड्यांसारखं दिसतं, मोहरीच्या फेसासारख्या रंगाचं. चिमटा लावला की तेलकट सुटतं. रक्त मात्र लाल नसतं. उघड्यावर ठेवलं की निळसर होतं, कारण त्यात लोहाच्या जागी तांबं असतं. त्यामुळे खेकड्याच्या तपासणीत तांबं जास्त दिसलं तर दचकू नका, ते त्याचं स्वतःचं आहे. कॅडमियम मात्र बाहेरचं. या यकृतात मेटॅलोथायोनिन नावाचं एक प्रथिन असतं. ते कॅडमियमला धरून बांधून ठेवतं, म्हणून खेकड्याला त्रास होत नाही. आपण ते यकृत खातो, आपल्या पोटात ती गाठ सुटते आणि शेवटी आपल्या मूत्रपिंडात आपलंच मेटॅलोथायोनिन तिला पुन्हा बांधतं. खेकड्याचं गाठोडं आपल्याकडे आलं, एवढंच.

नांग्या आणि पायांतलं पांढरं मांस वेगळं. तिथे कॅडमियम फारच कमी साठतं. युरोपात कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे, आणि खेकड्याच्या बाबतीत ती फक्त पायांतल्या मांसाला लावतात. आतल्या तपकिरी भागाला ती मर्यादाच नाही. म्हणून २०११ मध्ये युरोपियन आयोगाला तो भाग बेताने खा, अशी वेगळी सूचना काढावी लागली.

हिशेब करून दाखवतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये ठरवलेली कॅडमियमची सहनमर्यादा आहे महिन्याला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ मायक्रोग्रॅम. तुमचं वजन ५२ किलो धरलं तर महिन्याचे १,३०० मायक्रोग्रॅम. यात तांदूळ, गहू, पालेभाजी सगळं आलं, कारण त्यांतही थोडं असतं. आता पायांचं १५० ग्रॅम मांस, तेही युरोपच्या मर्यादेला टेकलेलं धरलं, तर एका वेळी ७५ मायक्रोग्रॅम. चार रविवारी ३००. यात जीव जाण्यासारखं काही नाही. पण त्या पिवळ्या भागात किलोमागे १० मिलिग्रॅम निघालं आणि ४० ग्रॅम वाटीत आलं, तर एका रविवारचेच ४०० होतात. चार रविवारचे १,६००, म्हणजे धान्याचा दाणा धरायच्या आधीच मर्यादा ओलांडली. हा १० चा आकडा तापीचा नाही, हिशेब समजावा म्हणून मी धरलाय. तरी काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे त्यावरून कळतं.

ते "मर्यादेच्या पाचपट". दिराला एक काम सांगा. कात्रणात तक्ता असेल तर त्याच्या तळाला आकडे ओल्या वजनावर आहेत की कोरड्या, ते बघायला सांगा. आम्ही प्रयोगशाळेत मांस आधी वाळवायचो, मग मोजायचो. शिंपल्याच्या मांसात सुमारे ८० टक्के पाणी असतं. वाळवलं की तेवढाच धातू पाचव्या हिश्शाच्या वजनात येतो आणि आकडा आपोआप पाचपट दिसतो. खाण्याच्या मर्यादा मात्र ओल्या वजनावर असतात. ही गल्लत मी छापून आलेल्या लेखांतही पाहिलीय आणि आमच्याच एका मुलाच्या प्रबंधात ती दुरुस्त करायला लावलीय. पाचपट हा आकडा वाचूनच मला शंका आली.

सुकटीचंही हेच. वाळल्यामुळे धातूही दाट होतो आणि झिंग्याचं यकृत त्याच्या डोक्यात असतं, जे सुकटीत सगळं येतं. पण आपण खातो मूठभर, आठवड्यातून एकदा. ती बंद करायला मी सांगणार नाही. डोकी खुडून, दोन पाण्यांतून धुऊन घ्या. सुकटीच्या रिपोर्टमध्ये आर्सेनिक मोठं दिसलं तर तेही नीट वाचा. समुद्रातल्या जिवांत बहुतेक आर्सेनिक हे आर्सेनोबीटेनच्या रूपात असतं आणि ते लघवीवाटे जसंच्या तसं निघून जातं. घातक ते असेंद्रिय आर्सेनिक, ते वेगळं मोजावं लागतं.

शिंपल्यांचा प्रश्न जास्त अवघड आहे. खेकड्याचं यकृत काढून टाकता येतं, शिंपला आपण अख्खा खातो. रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवला तर पोटातली वाळू-गाळ आणि गाळाला चिकटलेला धातू निघून जातो. मांसात मुरलेलं कॅडमियम निघायला महिने लागतात. म्हणून बाळ अंगावरून सुटेपर्यंत तुम्ही शिंपले टाळावेत, असं मी माझ्या मुलीलाही सांगितलं असतं.

सासऱ्यांच्या बाबतीत डॉक्टर म्हणतात तेच आधी धरा. साखर आणि बीपी मूत्रपिंड बिघडवतात हे पक्कं आहे आणि क्रिएटिनिन वाढण्याची तीच सर्वांत नेहमीची कारणं. पण मूत्रपिंड आधीच थकलेलं असताना त्यावर कॅडमियमचं ओझं टाकू नये. त्यांनीही शिंपले थांबवावेत.

आणि कॅडमियम आपल्याला परकं नाही. जळगावच्या सराफ्यात जुनी माणसं "केडीएमचं सोनं" म्हणायची. ते केडीएम म्हणजे डाखाला वापरलेलं कॅडमियमच. भट्टीवरच्या धुराने कारागिरांची फुप्फुसं जायची, म्हणून ते मागे पडलं. धूर निदान डोळ्यांना दिसायचा.

---

शिरपूरकर_७४

सेवकसाहेब, हिशेब समजला. एवढंच विचारतो, चार बाळंतपणं झाली आणि बाईला काही झालं नाही, हा पुरावा नाही का?

---

शिंपल्यांचा_जुना_सेवक

भाऊ, जपानची गोष्ट सांगतो. तिथल्या तोयामा प्रांतात जिंझू नदी आहे. वर खाण होती, तिचं कॅडमियम नदीत आणि नदीचं पाणी भातात. लोकांना जो रोग झाला त्याचं नाव पडलं 'इताई-इताई', म्हणजे "दुखतंय, दुखतंय". हाडं इतकी ठिसूळ व्हायची की नुसत्या खोकल्याने बरगडी मोडायची. १९६८ मध्ये सरकारने मान्य केलं की हे कॅडमियममुळे. रुग्ण कोण होते? बहुतेक सगळ्या पाळी गेलेल्या, अनेक बाळंतपणं झालेल्या बायका. दर बाळंतपणात लोह आणि कॅल्शियम जायचं, आणि सिस्टरांनी वर सांगितलं ते दार उघडं राहायचं. बाळंतपणं सुखरूप झाली होती. दुखणं नंतर आलं, विशीतलं पन्नाशीत.

मिनामाताचंही जपानचंच. खाडीतले मासे आणि शिंपले कारखान्याच्या पाऱ्याने भरले होते, १९५६ मध्ये पहिले रुग्ण नोंदले गेले. तिथे काही आयांना स्वतःला जवळपास काहीच त्रास नव्हता. पारा वारेतून बाळात गेला होता. ताई, तुमच्या पोटात भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. तापीवर तशी खाण नाही, तसा कारखाना नाही. तिथले आकडे आपल्यापेक्षा फार मोठे होते. "आईला काही झालं नाही" एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही, एवढंच भाऊंना सांगायचं होतं.

---

बॅरेजवाला_भाऊ

मी भोई. तीन पिढ्या नदीवर. लिहायचं नव्हतं, पण असा धागा वाचून लोक टोपली उघडायच्या आधीच "नको" म्हणतात, म्हणून लिहितो. सेवक काकांनी पिवळं टाका सांगितलं, खेकडा टाका नाही सांगितलं, ते बरं केलं.

खेकडा कुठला, हे आम्हाला विचारा. आम्ही लपवत नाही. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, तिन्ही ठिकाणी बॅरेज झाल्यापासून पाणी उभं राहतं. उन्हाळ्यात तळाला काळा गाळ बसतो, पायाला साबणासारखा लागतो, वास मारतो. गावाचा नाला जिथे नदीत पडतो त्याच्या खाली मी जाळं लावत नाही. तिथला खेकडा मोठा होतो, पण शिजवला की वास येतो. विसर्जनाच्या घाटाखाली दोन महिने जात नाही, तळाशी रंगाचा थर असतो. फवारणीचे पंप आणि डबे जिथे धुतात ती जागाही सोडतो. हे मला कुणी शास्त्र म्हणून शिकवलं नाही. माझ्या बापाने एवढंच सांगितलं होतं की ज्या पाण्यात आपण चूळ भरणार नाही त्या पाण्यातलं विकायचं नाही.

चांगला खेकडा हवा असेल तर सातपुड्यातून येणाऱ्या ओढ्यांचा घ्या. दगडाखालचा, पहिल्या पावसानंतरचा. अंगाने लहान असतो, पण पाणी वाहतं असतं आणि वर शहर नाही.

आणि तपासणी करायची असेल तर मी खेकडे देतो. फुकट देतो. जागा-जागांचे वेगळे करून देतो. फक्त रिपोर्ट आला की आमच्या पाड्यावर पण वाचून दाखवा. मार्ग काढताना आमच्या पोटाचं पण बघा.

---

शिंपल्यांचा_जुना_सेवक

भाऊ, तुमच्या वडिलांची कसोटी आमच्या विभागाच्या भिंतीवर लावायला हवी होती.

रंगाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. जुन्या पिवळ्या-केशरी रंगांत शिसं आणि क्रोमियम असायचं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. तळातला त्याआधीचा गाळ अजून तिथेच आहे.

तपासणी करायचीच असेल तर ग्रामपंचायतीमार्फत एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत करा. एका खेकड्यावरून काही कळत नाही. प्रत्येक जागेचे निदान दहा-पंधरा घ्या, साधारण एका मापाचे. कॅडमियम, शिसं, पारा आणि आर्सेनिक मागा. पायांचं मांस आणि आतला पिवळा भाग वेगवेगळा तपासायला सांगा. रिपोर्ट ओल्या वजनावर द्या, असं पत्रातच लिहा. सातपुड्याच्या ओढ्यातलेही दहा पाठवा, नाहीतर ताडून बघायला काही राहणार नाही.

---

तापीकाठची_सून

सगळ्यांचे आभार. दोन रविवार होऊन गेले, म्हणून काय झालं ते लिहिते.

दिराने ते कात्रण मोठं करून पाहिलं. तक्त्याच्या तळाला, अगदी कडेला, अर्धवट कापलेलं "कोरडं वजन" असं आहे. काकांची शंका बरोबर निघाली. त्याने ते स्वतः पुढे पाठवलं होतं त्या सगळ्यांना पुन्हा लिहून कळवलं.

सासूबाईंना मी जपानचं काही सांगितलं नाही. सिस्टर मावशींचं दाराचं बोलणं सांगितलं. लोहाची जागा रिकामी असली की दुसरंच कोणीतरी येऊन बसतं, हे त्यांना लगेच पटलं. म्हणाल्या, "म्हणजे घर उघडं टाकीसन शेतात जावा तसं." मग स्वतःच माझी गोळी कितीला घ्यायची ते विचारलं. आता चहा उशिरा देतात.

पहिल्या रविवारी खेकडे आणलेच नाहीत. दुसऱ्या रविवारी ह्यांनी धडगावच्या मित्राकडून ओढ्यातले आणले, बोटभर नांग्यांचे. सासूबाई पाट्यापाशी बसल्या, एकाची पाठ उघडली आणि अंगठा त्या पिवळ्यावर टेकवून तशाच थांबल्या. माझ्याकडे बघत होत्या. मीही काही बोलले नाही. मग त्यांनी ते काढून केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवलं. एकामागून एक, नवाही खेकड्यांचं. शेवटी पान उचलून कोंबड्यांकडे निघाल्या, तेव्हा मात्र मी हाक मारली, "आई, कोंबड्यांना नको, त्यांची अंडी मीच खाणार आहे." त्या हसल्या आणि पान घंटागाडीच्या बादलीत टाकलं. पाय ठेचायचं गाळलेलं पाणीही या वेळी घेतलं नाही. नांग्यांचं मांस काढून कोरडं परतलं आणि कळण्याच्या भाकरीबरोबर वाढलं. चव खरंच उतरली होती. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "बाळ व्हऊ दे, मग बघू." शिंपले आणू नका, असं सासऱ्यांनी आपणहून सांगितलं.

काल तपासणी झाली, हिमोग्लोबिन ९.१ आहे. सिकलसेलची तपासणी झाली, रिपोर्ट चांगला आहे.

बॅरेजवाले भाऊ, ह्यांनी ग्रामसेवकांशी बोलून घेतलंय. पुढच्या ग्रामसभेत अर्ज ठेवणार आहोत. नाल्याखालचे, बॅरेजच्या वरचे आणि ओढ्यातले, असे तीन गट. रिपोर्ट आला की तुमच्या पाड्यावर दीर स्वतः येऊन वाचेल, त्याने तसं कबूल केलंय.

काका, एक राहिलं. खेकडे धुळ्यापर्यंत न्यायचे तर बर्फात ठेवायचे की जिवंत न्यायचे? आणि साध्या प्लास्टिकच्या पिशव्या चालतात का, की त्यांचाही काही धातू उतरतो?

---

शिंपल्यांचा_जुना_सेवक

बर्फात. पण बर्फ थेट अंगाला लागू देऊ नका, वितळलेलं पाणी आत गेलं तर नमुना बिघडतो. नवीन, बिनरंगाच्या, छपाई नसलेल्या जाड पॉलिथिनच्या पिशव्या घ्या. बाजारातल्या काळ्या किंवा रंगीत पिशव्या अजिबात नकोत. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली, आणि तीही आणखी एका छोट्या पिशवीत घालून. जागा, तारीख, किती खेकडे. अर्ज कधी ठेवताय ते कळवा, नमुने भरायच्या दिवशी मी सकाळच्या गाडीने येतो.